उलट्या पावलांचं इंग्रजी

इंग्रजी वाक्य ही मानवी बुद्धीने उभारलेली एक भव्य वास्तू आहे. दारात कर्ता, मधल्या चौकात क्रियापद आणि आत गाभाऱ्यात कर्म. या तीन दालनांच्या क्रमावर साम्राज्यं उभी राहिली.

हे विधान माझंच आहे. अकरावीच्या पहिल्या तासाला मी ते दरवर्षी करतो. मागच्या बाकांवरची मुलं त्या वेळी खिडकीतून पार्किंगकडे बघत असतात आणि पुढच्या बाकावरची एखादी मुलगी हात वर करून विचारते, हे परीक्षेला आहे का. मी औरंगाबादेत नोकरीला लागलो आणि छत्रपती संभाजीनगरातून निवृत्त होईन. मधल्या काळात मी घर बदललं नाही आणि हे विधानही बदललं नाही. ते कधी कुणाच्या पोटापाण्याशी जाऊन भिडेल, असं मला वाटलं नव्हतं.

भिडलं ते माझ्या मेहुण्यामुळे. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, वेरूळचा. घरची शेती आहे, ती थोरला भाऊ बघतो. हा लेणी बघतो. म्हणजे शाळा सुटल्यापासून तो आल्यागेल्याला लेणी दाखवत आला होता, मराठीत आणि हिंदीत, आणि परवान्याशिवाय. वाटाड्याचा सरकारी बिल्ला त्याच्याकडे कधीच नव्हता. कुणी विचारलंच तर, "पाहुणे आहेत घरचे," असं सांगायचं, एवढी त्याची कायदेशीर बाजू होती. रोज बसभर पाहुणे येतात असं ते घर.

मग त्या उन्हाळ्यात तपासणी कडक झाली. दारावरचा पहारेकरी गावातलाच. तो याला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, आता बिल्ला नसंल तर आत जायला मनाई नाय. पण तोंड उघडायचं नाय." माझ्या मेहुण्याला लेण्यात जाऊन तोंड न उघडणं म्हणजे काय, हे त्याला ओळखणाऱ्यालाच कळेल.

बिल्ला मिळवायचा तर तोंडी परीक्षा द्यावी लागणार होती, आणि ती इंग्रजीत. आधी एकदा तो तिला बसला होता आणि एक शब्दही न बोलता उठून आला होता. आता दुसरी आणि त्याच्या वयाच्या हिशेबाने शेवटची संधी होती. ती हुकली तर काय, याचंही उत्तर तयार होतं. बजाजनगरात राहणाऱ्या एका चुलतभावाने वाळूजच्या एका कारखान्यात गेटवर पहारेकऱ्याची जागा धरून ठेवली होती. परीक्षा शनिवारी, आणि गेटवर हजर व्हायचं ते सोमवारी. चुलतभाऊ व्यवहारी माणूस. त्याने गणवेश शिवूनही आणला होता.

"वाईट काय आहे त्यात?" माझी बायको म्हणाली. "सावलीत उभं राहायचं. पगार वेळेवर."

"उभं राहायचं, अक्का," मेहुणा म्हणाला. "एका जागी."

त्या वेळी मला या दोन वाक्यांत काही विशेष दिसलं नाही.

शिकवणी मंगळवारी सुरू झाली, कारण मंगळवारी लेणी बंद असतात. मी कॉलेजातून यायचो तोवर तो वेरूळहून गारखेड्याला आमच्या घरी येऊन, चहा पिऊन, जेवणाच्या टेबलाशी हात बांधून बसलेला असायचा. मी स्टीलचे तीन पेले ओळीने मांडले. पहिला कर्ता, दुसरा क्रियापद, तिसरा कर्म. क्रियापदाच्या पेल्यात पाणी भरलं, कारण वाक्याचा जीव तिथे असतो. ही कल्पना मला फार आवडली होती.

"आपण काय म्हणतो? राजाने देऊळ बांधलं. बांधलं हे शेवटी. आपल्या भाषेत काम शेवटी येतं."

"कामाचं तसंच असतंय आपल्याकडं," मेहुणा म्हणाला.

"इंग्रज काम मधे आणतो." मी पाण्याचा पेला टिचकीने वाजवला. "राजाने बांधलं देऊळ. द किंग बिल्ट द टेम्पल."

त्याने थोडा विचार केला. "म्हंजे आपण भांडणात बोलतो तसं. तूच फोडलास माठ. तूच सोडलंस जनावर. इंग्रज कायम भांडत असतोय का, दाजी?"

इतिहास आठवून पाहिला तर मला नाही म्हणता येईना.

"पेले धुवायचे कुणी?" आतून बायको म्हणाली. "त्याचा कर्ता कोण आहे ते आधी ठरवा."

अशा रीतीने अभ्यास चालू झाला. अडचण अशी होती की मेहुण्याला शब्द येत होते. इतकी वर्षं परदेशी लोकांच्या आसपास वावरून त्याने पुष्कळ शब्द गोळा केले होते. रॉक, पिलर, एलिफंट, शूज, फोटो, हॉट. वाक्य मात्र सापडत नव्हतं. खुर्चीत बसवून "द किंग" म्हणायला सांगितलं की तो "द किंग" म्हणायचा आणि पाण्याच्या पेल्याकडे बघत राहायचा. जणू त्यातून क्रियापद वर येणार होतं.

दुसरी अडचण तत्त्वाची होती. राजाने देऊळ बांधलं, हे वाक्यच त्याला पटत नव्हतं.

"एक तर ते बांधलं नाय. कोरलं. वरून खाली कोरत आले. कळस आधी, पाया मागून."

"बरं. कोरलं."

"मग राजानं कुठं कोरलं? राजानं छिन्नी धरली व्हय?"

"अरे, राजाने करवलं म्हणून राजा कर्ता. जगात सगळीकडे असंच लिहितात."

"लिहू द्या की."

मी समंजसपणे त्याला दुसरी वाट दाखवली. राजा नकोच असेल तर इंग्रजीत कर्ता गाळायचीही सोय आहे. द टेम्पल वॉज कट. देऊळ कोरलं गेलं.

"कुणी?"

"ते सांगायची गरज नाही."

"हे तहसीलातलं इंग्रजी झालं, दाजी. आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे. कुणी केला, विचारायचं नाय."

मी त्याला सांगितलं की परीक्षेत तत्त्वज्ञान विचारत नाहीत. द किंग बिल्ट द टेम्पल, एवढं पाठ कर. शनिवारनंतर तुला ज्याला कर्ता करायचं त्याला कर. त्याने मान डोलावली. वेरूळकडची माणसं मान डोलावतात तेव्हा त्याचा अर्थ फक्त ऐकू आलं असा असतो.

एक गोष्ट माझ्या बायकोने पाहिली. तो मधेच पाणी प्यायला उठायचा आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाताजाता, पाठमोरा, एखादं वाक्य धडधडीत बरोबर म्हणून टाकायचा. धिस इज वन रॉक. परत येऊन बसला की पुन्हा गप्प.

"तो उठतो तेव्हा त्याला येतं," बायको म्हणाली.

"उठतो म्हणूनच येत नाही," मी म्हणालो. "मन एका जागी लागत नाही." आणि मी पाण्याचा तांब्या टेबलावरच आणून ठेवला, म्हणजे उठायला नको.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी एकदा वेरूळला गेलो. कॉलेजला कसलीशी सुट्टी होती आणि मला त्याचं काम पाहायचं होतं. एक कुटुंब आलं होतं, आईवडील, दोन मुली, एक आजोबा. पहारेकऱ्याने आमच्याकडे पाहून खोकला काढला आणि पाठ फिरवली. गावाची सवलत अजून तेवढी शिल्लक होती. मेहुणा हलक्या आवाजात मराठीत सुरू झाला, आणि सुरू झाल्याबरोबर मागे मागे चालू लागला.

मी हे कधी नीट पाहिलं नव्हतं. तोंड पाहुण्यांकडे, पाठ लेण्याकडे, आणि पाय उलटे. कैलासाच्या अंगणात, खांबांमधून, पायऱ्यांवरून, दगडी उंबऱ्यांवरून तो पाठीमागे चालत होता आणि बोलत होता. एकदाही वळून पाहत नव्हता. पाहुणे मंतरल्यासारखे त्याच्यामागे येत होते, किंवा पुढे येत होते. कोण कुणाच्या पुढे हे सांगणं अवघड होतं. एका ओट्याच्या कडेला त्याची टाच आली तेव्हा मी त्याला धरायला पुढे झालो. तो नेमका तिथे थांबला, "आजोबा, इथं जपून," म्हणाला आणि बाजूने उतरला.

"तुला मागचं दिसतं कसं?" पाहुणे गेल्यावर मी विचारलं.

"मागचं कशाला बघायचं? पुढच्याच्या तोंडावर दिसतंय सगळं. मागं खड्डा आला की पुढच्याचे डोळे मोठे होतात. म्हातारं माणूस असलं तर तोंड उघडतंय." तो हसला. "पाठ फिरवली की गिऱ्हाईक फुटतंय, दाजी. एक फोटो काढायला, एक सावलीला. तोंडाकडं बघत मागं चालायचं. ते येतातच."

मला त्यात अपघाताची शक्यता दिसली. शिक्षणाची दिसली नाही. परत आल्यावर त्या मंगळवारी मी त्याला नेहमीप्रमाणे खुर्चीत बसवलं.

शनिवारी सकाळी मी त्याला गाडीत घेतलं तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. तीत गणवेश होता, निळा, घडी घातलेला, वर पट्टा.

"हा कशाला आणलास?"

"इथून तसाच बजाजनगरला जाईन म्हणलं. जमलं नाय तर. परत घरी जाऊन घेऊन यायचं म्हंजे आई विचारणार."

रस्त्यात मी विषय काढायचा म्हणून म्हणालो, "द किंग." तो खिडकीबाहेर बघत "बिल्ट द टेम्पल" म्हणाला, कुणाच्या तरी मयताचं सांगावं तसं.

परीक्षा एका सरकारी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होती. उमेदवार वेळेवर आले होते, त्यामुळे त्यांना थांबावं लागलं. आधी समितीच्या अध्यक्षांचं स्वागत झालं. शाल, नारळ, फुलांचा गुच्छ. समई आणली. काडेपेटी कुणी आणली नव्हती. ती आणायला शिपाई खाली गेला, तोपर्यंत सगळे मान्यवर समईभोवती हात जोडून उभे राहिले. वात पेटली, पंख्याने विझली, पंखा बंद केला, पुन्हा पेटली. मग अध्यक्ष बोलले, इंग्रजीत. त्यांच्या पहिल्या वाक्यात अजिंठा, वेरूळ, संस्कृती, युवक, जागतिकीकरण आणि अतिथी हे सगळे आले. मी बाहेरच्या बाकावर बसून क्रियापदाची वाट पाहत होतो. ते आलं नाही. टाळ्या झाल्या.

मी हे मेहुण्याला हसवण्यासाठी सांगितलं. तो हसला नाही. तो सारखा उठून जिन्यापर्यंत जाऊन येत होता. शेवटी मीच त्याला म्हणालो, बस एका जागी.

परीक्षेच्या खोलीचं दार लागत नव्हतं, कारण कूलरचा पाइप दारातून आत गेला होता. त्यामुळे बाकावरून मला सगळं दिसत होतं. टेबलामागे तिघं. मधे शाल पांघरलेले अध्यक्ष, एका बाजूला इतिहासाचे एक प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला सहलींचा व्यवसाय करणाऱ्या एक बाई. समोर एक खुर्ची. माझ्या शेजारी बाकाच्या टोकाला शिपाई बसला होता. म्हातारा, मेंदी लावलेली दाढी. सगळ्या परीक्षा पाहून त्याचं कुतूहल संपलेलं होतं.

आधीचा उमेदवार टाय लावलेला पोरगा होता. तो आत गेला, काही वेळ त्याचा आवाज एकसुरात आला, आणि तो बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. "मधेच तोडतात," तो म्हणाला. "पाठ केलेलं ऐकूनच घेत नाहीत."

मग मेहुण्याला आत बोलावलं. पिशवी त्याने माझ्या मांडीवर ठेवली.

"सिट डाउन," अध्यक्ष म्हणाले. तो बसला.

"टेल अस अबाउट केव्ह सिक्स्टीन."

म्हणजे कैलास. याहून सोपा प्रश्न त्या माणसाला कुणी विचारू शकलं नसतं. ज्या दगडावर तो लहानपणी घसरगुंडी खेळला त्या दगडाबद्दल विचारत होते.

"द," तो म्हणाला.

कूलरचा आवाज येत होता.

"द किंग."

आणि तो थांबला. मला ठाऊक होतं तो काय शोधतोय. पेल्यातलं पाणी शोधतोय. तो टेबलाच्या त्या जागेकडे पाहत होता जिथे आमच्या घरी मधला पेला असतो, आणि तिथे अध्यक्षांचा गुच्छ ठेवलेला होता. मी बाकावर बसून ओठ हलवले. बिल्ट. बिल्ट. त्याची पाठ माझ्याकडे होती. टेबलाखाली त्याचे पाय मात्र मला दिसत होते. ते चालत होते. चवडे उचलून, टाच टेकून, जागच्या जागी, मागे मागे.

इतक्या मंगळवारांनंतर मला तेव्हा कळलं, आणि त्या क्षणी त्या कळण्याचा काही उपयोग नव्हता.

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. बाईंनी घड्याळ पाहिलं. अध्यक्ष पुढच्या उमेदवाराला बोलवायला दाराकडे मान वळवू लागले. पिशवीतला पट्टा माझ्या हाताला लागत होता.

"सर," मेहुणा म्हणाला. "आय स्टँड?"

"यस, यस. स्टँड, सिट, ॲज यू लाइक."

तो उभा राहिला. मग त्याने दोन्ही हात जोडले, तिघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे टाकलं.

"गुड मॉर्निंग," तो म्हणाला. "वेलकम टू वेरूळ." आणखी एक पाऊल. "धिस इज वन रॉक. द वर्कर्स कट द रॉक फ्रॉम द टॉप." आणखी एक. "दे डिड नॉट ब्रिंग द स्टोन. दे रिमूव्ह्ड द स्टोन. प्लीज कम."

कर्ता, क्रियापद, कर्म. पायाबरोबर एकेक वाक्य खाली पडत होतं, आणि प्रत्येक पूर्ण होतं. मी मनात टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. तेवढ्यात लक्षात आलं की तो दारापाशी पोहोचला आहे आणि थांबत नाहीये.

"प्लीज कम," तो पुन्हा म्हणाला, हात पुढे करून. कूलरच्या पाइपावरून त्याची टाच अलगद गेली. "माइंड द पाइप." आणि तो खोलीच्या बाहेर आला. माझ्यासमोरून, मला न पाहता.

परीक्षा देताना उमेदवार परीक्षेबाहेर निघून गेला तर काय करायचं, याचा नियम बहुधा नसावा. आत तिघंही क्षणभर तसेच बसले. मग बाई उठल्या, आणि उठताना त्यांनी पर्स उचलली. ज्यांनी आयुष्यभर सहली नेल्या, त्यांना ही हाक ओळखीची असणार. त्यांच्यामागून प्राध्यापक उठले. दोन्ही बाजू रिकाम्या झाल्यावर मधे एकट्याने बसून राहणं अध्यक्षपदाला शोभण्यासारखं नव्हतं, म्हणून अध्यक्षही शाल सावरत निघाले.

"ये साहब लोगां किधर जारे?" शिपायाने मला विचारलं. त्याचं कुतूहल परत आलं होतं.

मी जिन्याकडे पाहत होतो. व्हरांडा संपून तिथे एकदम खाली जाणाऱ्या पायऱ्या होत्या, सिमेंटच्या, कडा झिजलेल्या. मेहुणा त्यांच्याकडे पाठ करून चालला होता. वेरूळच्या पायऱ्या त्याच्या टाचांना पाठ होत्या. या नव्हत्या. ओरडलो तर वाक्य तुटणार, आणि ते तुटलं तर पुन्हा जुळणार नाही, हे मी इतके मंगळवार पाहिलं होतं. नाही ओरडलो तर तो पाठीवर खाली जाणार. मी उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

"द वर्कर्स मेड द पिलर्स," तो म्हणत होता. "दे मेड द—"

सगळ्यांत पुढे बाई होत्या. त्यांचे डोळे मोठे झाले.

तो थांबला. एक टाच हवेत होती, ती त्याने परत घेतली.

"स्टेप्स," तो शांतपणे म्हणाला. "दे मेड द स्टेप्स. प्लीज गो स्लोली." आणि कठड्याला हात लावून तो आडवा वळला आणि तिघांना जपून खाली घेऊन गेला.

मी पिशवी घेऊन मागे धावलो. टायवाला पोरगा आला, शिपाईही आला. खाली आवारात पोहोचलो तेव्हा समिती उन्हात उभी होती आणि मेहुणा लिंबाच्या सावलीत सरकत होता, म्हणजे तेही सरकले.

"ऑन युअर लेफ्ट, एलिफंट," तो म्हणाला.

तिघांनीही डावीकडे पाहिलं. तिथे खात्याची एक जीप उभी होती.

"द ट्रंक इज ब्रोकन."

प्राध्यापकांनी चष्मा नीट करून पाहिलं. जीपच्या पुढच्या चाकात हवा नव्हती. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

असंच ते गेटापर्यंत आणि परत झालं. मग अध्यक्षांना आपण कोण आहोत याची आठवण झाली असावी. ते थांबले, शाल दोन्ही खांद्यांवर सारखी केली आणि म्हणाले, "टेल मी. हू बिल्ट द टेम्पल?"

आमचा प्रश्न होता. पाठ केलेला, पेल्यात भरलेला. मेहुणाही थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. म्हण, बाबा, म्हण. तीन दालनं आहेत, आत शिर आणि बाहेर ये.

"वर्कर्स, सर," तो म्हणाला. "वर्कर्स कट द टेम्पल."

"अँड द किंग? व्हॉट डिड द किंग डू?"

मेहुणा एक पाऊल मागे गेला. मला ते पाऊल आवडलं नाही.

"किंग गेव्ह द ऑर्डर, सर." आणखी एक पाऊल. "देन किंग केम फॉर इनॉगरेशन."

बाईंनी पर्समधून रुमाल काढून तोंडाला लावला. प्राध्यापक पुन्हा हत्तीकडे बघू लागले. अध्यक्षांनी खाली मान घालून आपल्या शालीचा काठ पाहिला. नवीनच होती. दुकानाची चिठ्ठी अजून आतल्या बाजूला होती. मेहुण्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. तो चिमटा काढत नव्हता. त्याला जे दिसत आलं होतं तेच तो सांगत होता. पण हे मला ठाऊक होतं, अध्यक्षांना नव्हतं.

"थँक यू," अध्यक्ष म्हणाले आणि वळून जिना चढू लागले. सरळ.

निकाल त्याच दिवशी दुपारी सांगणार होते. आम्ही लिंबाखालच्या बाकड्यावर थांबलो. मेहुण्याने पिशवी माझ्याकडून घेतली आणि मांडीवर ठेवून बसला. इतका वेळ तो एका जागी बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. बायकोचा फोन आला.

"काय झालं?"

"बोलला," मी म्हणालो.

"किती?"

"जरा जास्तच."

"बसून का उभा राहून?"

मी त्या प्रश्नाचं उत्तर घरी आल्यावर देईन असं सांगितलं.

"इनॉगरेशन म्हणायला नको होतं का, दाजी?" मेहुण्याने विचारलं.

"व्याकरणात चूक नव्हती."

"मग?"

मी वर पहिल्या मजल्याकडे पाहिलं. त्याने पिशवीचं तोंड गुंडाळलं, उघडलं, पुन्हा गुंडाळलं. "गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायचा असतोय म्हणे," तो म्हणाला. "आणि बोलायचं नाय."

ऊन जीपच्या पलीकडे गेलं तेव्हा शिपाई खाली आला. कागद भिंतीवर लावायला घेऊन आला होता, पण आधी आमच्याकडेच वळला.

"वो उल्टे चलने वाले तुमीच ना?" त्याने मेहुण्याला विचारलं. "हो गए पास. बड़े साहब बोले, इसकू लेलो. बाकी सबने बैठको बोले, ये अकेला हमकू घुमाको लाया."

मेहुणा उठला. पिशवी बाकड्यावर ठेवली आणि लिंबाभोवती एक चक्कर मारून आला.

गणवेश त्या संध्याकाळी आम्ही दोघं बजाजनगरला जाऊन परत देऊन आलो. चुलतभावाला वाईट वाटलं. मापाने शिवला होता, तो म्हणाला, आता या मापाचा दुसरा माणूस शोधावा लागेल. मंगळवारी मी पेले जागच्या जागी ठेवले आणि तांब्याही स्वयंपाकघरात परत नेला. अकरावीच्या पहिल्या तासाला वास्तूचं विधान मी अजूनही करतो. पगार त्याचाच आहे.

बिल्ला मिळाला त्या आठवड्यात मी आणि बायको वेरूळला गेलो. मेहुण्याने शर्टाला इस्त्री केली होती आणि बिल्ला खिशाला बरोबर मधोमध लावला होता. पहारेकरी त्या दिवशी खोकला नाही. कैलासाच्या अंगणात आम्ही उन्हात उभे राहिलो आणि बऱ्याच वेळाने परवानाधारक वाटाड्याकडे पहिला परदेशी पाहुणा आला. उंच, टोपी घातलेला, मानेवर ऊन लागून लाल झालेला. मेहुण्याने हात जोडले, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पहिलं पाऊल मागे टाकलं.

"टॉयलेट?" पाहुणा म्हणाला.

मेहुण्याने बोटाने दाखवलं.